शॉट नंबर सात

गाणं चार मिनिटं पन्नास सेकंदांचं.
तबला नाही. मिनिटाला अठ्ठावन्न ठोके,
झोपलेल्या माणसाच्या नाडीइतके, असं उर्वी म्हणते.
गायलंय तिनेच, सर्दी झालेली असताना,
आणि आता ती सर्दी
गाण्यातून कुणाला काढू देत नाही.

वीरा देसाई रोड, दुसरा मजला.
खाली खोके ठोकण्याचा कारखाना,
वर आम्ही चौघं आणि एक पांढरा फळा.
हितेनभाईंना वरळी सी-फेस हवाय,
मुलीची ओढणी, मुलाचा लिननचा शर्ट, आणि ड्रोन.
"ड्रोनशिवाय प्रेम दिसत नाही हल्ली," म्हणाले
आणि स्वतःच हसले.
निमिषला शिवडीचे फ्लेमिंगो हवेत.
ते डिसेंबरात येतील,
आपले पैसे ऑक्टोबरात संपतात, मी म्हटलं.

फळ्यावर सहा शॉट लिहून झाले.
सहाहीत कुणीतरी कुणाकडे तरी धावतंय.
अरे, धावणाऱ्याचा श्वास
ह्या चालीत बसत नाही.
मग तू सांग, निमिष म्हणाला, कॅमेरा तुझा.

मी सांगितलं.
प्रभादेवी. बस-स्टॉप. पहाटे पाच चाळीस.
छापखान्याची रात्रपाळी संपवून बाबा येतात,
आई निघते के.ई.एम.ला, सातच्या ड्यूटीवर.
खोलीला कुलूप एक, किल्ली एक.
ज्या बसमधून ते उतरतात
त्याच बसमध्ये ती चढते.
पण उतरायचं पुढच्या दाराने,
चढायचं मागच्या.
मध्ये अख्खी बस.
तेवढं लाल पत्र्याच्या कडेने चालत यायचं
रांगेत उभ्या बाईपर्यंत,
किल्ली घ्यायची,
आणि घंटी.
बोलणं नाही. फार तर "दूध झाकलंय."
अशी सहा वर्षं.

कुणी काही बोललं नाही. खाली ठोकणं चालू.
मग हितेनभाई: "डुप्लिकेट करायची ना!
साठ रुपयांत देतो तो कोपऱ्यावरचा."
सगळे हसले. मीपण हसले,
कारण इतक्या वर्षांत
मला हे सुचलंच नव्हतं.

रात्री दहिसरला पोचले तेव्हा
आई वाल सोलत बसली होती.
विचारलं.
"होती की," मान वर न करता म्हणाली,
"तांदळाच्या डब्यात. पहिल्याच महिन्यात केलेली."
बाबांना माहीत होतं?
"त्यांनीच तर करून आणली."
एक दाणा निसटून खाटेखाली गेला,
तो शोधत राहिली जरा जास्तच वेळ.
"आणि त्यांचा स्टॉप तो नव्हताच.
पुढचा. घराच्या अगदी दारात."
मग?
"मग काय मग. उद्या डब्याला वालच देऊ ना?"

सकाळी फळ्यावरचे सहाही शॉट पुसले.
सात हा आकडा तसाच ठेवला, का ते माहीत नाही.
निमिष म्हणाला, चेहरे कुणाचे घ्यायचे?
चेहरे नकोत. हात बघ.
नखांत शाई मुरलेला एक,
आणि एक फिनेलने सोललेला.
किल्ली दाखवायची?
नाही. मुठी फक्त.
"पण दुसरी किल्ली होती,
हे लोकांना कळणार कसं?"

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
कोपऱ्यात गरम पाणी पीत बसलेली उर्वी म्हणाली,
शेवटच्या अंतऱ्यातली पहिली ओळ
मी परत गाते.
जरा उशिरा उचलते.

हितेनभाईंनी फोन लावला.
जुनी लाल बस, पनवेलच्या यार्डात एक आहे,
अर्ध्या दिवसाचे अठरा हजार, ड्रायव्हरचे वेगळे.
ड्रोन कापला. तोंड कडू करून कापला.
"अजून काय लागेल? आत्ताच सांग,
मागाहून मागशील तर मिळणार नाही."

कंडक्टर लागेल एक, मी म्हटलं.
वयस्क असला तरी चालेल.
घंटीच्या दोरीला हात लावून
दुसरीकडे बघणारा.